तीन बुरिटो आणि एका पत्राची हकीकत

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥ जे खाल्ले ते पचो, जे लिहिले ते खरे ठरो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, कार्तिक मासी आमचे मित्र राजश्री वासुदेवराव खांबेटे यांचे पत्र सेवकास पावले. सेवक म्हणजे राज्याच्या ग्रंथशाळेतील निवृत्त कारकून. पुस्तके पुष्कळ वाचली, परंतु माणसापुढे तोंड उघडण्याचे बळ नाही. पत्री मजकूर की, 'कन्या चिरंजीव इरावतीने तुमच्या नगरी मेक्सिको देशीच्या पदार्थांचा गाडा मांडिला आहे. सायंकाळी गर्दी उसळते, सकाळी कोणी फिरकत नाही. न्याहारी चालवावी की मोडावी, हा पेच आहे. तुम्ही खाऊन खरे ते कळवावे.' या पत्राचे उत्तर आम्ही तीन मास दिले नाही, त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस सकाळीच आम्ही मफलर गुंडाळून मोहिमेस निघालो, आणि चौकात पिवळ्या छत्रीखाली गाडा देखिला, तोच इरावतीबाईंचा किल्ला, आणि बाई स्वतः हाती उलथने घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ओळखून आदरे स्टुलावर बसविले आणि बुरिटो नामे पदार्थ पुढे केला. मैद्याची पोळी, आत राजमा, भात आणि चीज, ऐसी त्याची रचना. पोळी गार, भात गिचका, आणि नगरवासीयांस तिखट सोसणार नाही या धास्तीने राजम्यात साखर. घास तोंडात फिरू लागला. परंतु पानात टाकू नये ही आमच्या घरची शिस्त, म्हणोन नेट धरून संपविला. आणि रिकामे पान दिसता वाढावे ही बाईंच्या घरची शिस्त, म्हणोन त्यांनी दुसरा वाढला. "काका, लाजू नका." "पुरे," आम्ही बोललो. "पुरे म्हणजे घ्या. बाबाही असंच म्हणतात." मग तोही संपविला, आणि तिसरा आला, आणि तोही धारातीर्थी पडला. निघते वेळी "कसा होता?" ऐसे पुसता तोंडून "छान" निघून गेले. मग घरी येऊन लेखणी धरिली, परंतु खोटे लिहवेना आणि खरे लिहिण्याचे धैर्य होईना, म्हणोन वासुदेवरावांचे पत्र शब्दकोशात ठेवून दिले.

मग माघ मासी चौकातील पेपरवाले कचरूभाऊ यांनी वर्तमान आणिले की, बाई रोज पहाटे उठून साठ बुरिटो रचितात, दहा खपतात, आणि कोणी समजाविले तर म्हणतात, 'ग्रंथशाळेचे काका एका बैठकीत तीन खाऊन गेले, म्हणजे माल चांगलाच आहे.' हे ऐकता आमची चूक ध्यानी आली. पोरीची झोप आमच्या एका शब्दाने गेली होती. तेच पावली चौक गाठिला आणि उभ्यानेच बोललो, "इरावती, तुझी न्याहारी बरी नाही. गार आहे, गोड आहे. मी तीन खाल्ले ते भिडेपोटी."

बाईंनी उलथने खाली ठेविले. आणि हसो लागल्या ते स्टुलावर बसूनच थांबल्या. "अहो काका, माझ्याच घशाखाली तो उतरत नाही. तुम्ही तीन खाल्लेत म्हणून मी चालू ठेवला."

"आणि वासुदेवराव काय म्हणाले?"

"बाबांनी चार खाल्ले. छान म्हणाले आणि पुढच्याच एसटीने गावी गेले."

तेव्हा मित्राने खरे कळविण्यास आम्हांसच का लिहिले, हे उमगले. "उद्यापासून सकाळी मी झोपणार," बाई बोलल्या, "पण बाबांना तुम्हीच कळवा. चहा घेणार ना?" "घेईन," आम्ही बोललो, आणि आयुष्यात प्रथमच पुढे म्हणालो, "साखर कमी."

मग कचरूभाऊंकडून पोस्टकार्ड घेऊन स्टुलावरच लिहिले: 'न्याहारी वाईट, कन्या उत्तम. आम्ही तीन खाल्ले, तुम्ही चार. सबब तुमची भीड थोर. न्याहारी मोडली.' आणि चौकातील लाल पेटीत टाकिले. एवंच, किल्ला सायंकाळपुरता राखिला, पोरीस झोप लाभली, आणि आतले पत्र निघाल्याने शब्दकोश पुन्हा नीट मिटू लागला.