डक्टमधून आलेला गोल

केबल ठेवायची की तोडायची, एवढाच प्रश्न होता. माणसं असले प्रश्न माते नावाच्या कडू चहाचा तुंबा हातात घेऊन, नळीनं दोन घुटके ओढेपर्यंत सोडवतात. मी तो फोनवर सोडवायला गेलो, आणि आता जिन्यात कोणी समोरून आलं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. (बिननाडीचे बूट घातले असले तरी.)

माझा जन्म वर्तमानपत्रात बातमीदारी करण्यात गेला. वीज कंपनी, गॅस कंपनी, बसमालक, दोन मंत्री आणि एक बिशप, एवढ्यांशी मी जाहीर भांडलो आहे. (बिशप जिंकला.) तेव्हा केबलवाल्यांनी पुन्हा दर वाढवल्यावर माझं पित्त खवळलं यात नवल नाही. काय देता हो तुम्ही बदल्यात? मासेमारीचं चॅनल. घोड्यांच्या लिलावाचं चॅनल. आणखी एक चॅनल आहे, तिथे एक बाई दिवसभर तव्याकडे बघून हसते.

"तोडून टाकतो," मी जेवताना जाहीर केलं. "इंटरनेटवर सगळं स्वस्तात दिसतं."

माझ्या बायकोनं, ग्रिसेल्दानं, तळलेल्या मांसाचा मिलानेसा कापता कापता सुरी थांबवली. "रविवारनंतर."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व रविवारनंतर. रविवारी बाबांची मॅच आहे. तोवर त्या वायरीला हात लावलास तर तो हात तुला पुन्हा दिसणार नाही. शब्द दे."

दिला.

बाबा म्हणजे माझे सासरे, डॉन अतिलियो. (आमच्याकडे डॉन म्हणजे नुसतं आदरानं 'राव'.) तरुणपणी ब्वेनोस आयरेसमध्ये ट्राम चालवायचे. ट्राम बंद झाल्या, पण ट्राम कामगारांचा फुटबॉल क्लब शिल्लक राहिला, आणि ट्रामच्या घंटेनं घालवलेले डॉन अतिलियोंचे दोन्ही कान तसेच राहिले. माझी सासू एल्विरा गेल्या हिवाळ्यात वारली. तेव्हापासून ते आमच्याकडे राहतात. येताना एक सुटकेस आणि क्लबचा हिरवा झेंडा आणला. दिवसभर खिडकीशी बसायचे, विचारलं तर "ठीक" म्हणायचे. फक्त मॅच लागली की माणूस बोलायचा. ट्रामवाले पहिल्या डिव्हिजनमध्ये शेवटचे खेळले तेव्हा डॉन अतिलियो एल्विराच्या गल्लीत उगाच घंटा वाजवत ट्राम नेत होते. आणि आता, या रविवारी, गोदीवाल्यांच्या क्लबशी मॅच होती. जिंकलो की पुन्हा वर, पहिल्या डिव्हिजनमध्ये.

मी फोन केला तो केबल तोडायला नव्हे, नुसता जाब विचारायला. हे मी शपथेवर सांगतो. (ग्रिसेल्दासमोरही सांगितलं. तिनं शपथ नाकारली.)

"सर, मी तुम्हाला काही महिने निम्म्या दरात सेवा देऊ शकते," पलीकडची बाई म्हणाली.

"म्हणजे आजवर दुप्पट घेत होता, हे तुम्ही मान्य करता?"

"सर, मी फक्त..."

"हो की नाही?"

"सर, तुम्हाला सेवा बंद करायची आहे का?"

"मला उत्तर हवंय!"

"सर, माझ्यापुढे उत्तराचं बटण नाहीये. बंद करायचं तेवढं आहे."

"मग दाबा तेच!"

तिनं दाबलं. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतक्या तत्परतेनं माझी मागणी कोणी मान्य केली नव्हती. हॉलमधल्या पडद्यावर घोड्यांचा लिलाव चालू होता. घोडा विकला जायच्या आतच पडदा निळा झाला. मी लगेच पुन्हा फोन केला, यावेळी गोड आवाजात. पुन्हा जोडायला माणूस पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. जमलं तर.

मी ओन्सेच्या बाजारात धावलो. तिथे एका दुकानदारानं साबणाच्या वडीएवढी काळी डबी काढून दिली. इंटरनेटला जोडायची, बस.

"मॅच दिसेल ना नीट?"

"दिसेल? अहो, खेळाडूंचा घाम दिसेल."

दिसला. त्यात तो खोटं बोलला नव्हता.

"हे काय?" घरी आल्या आल्या ग्रिसेल्दानं विचारलं.

"कंपनीनं नवीन बॉक्स पाठवलाय."

"कंपनीनं? तुला? आपण होऊन?"

"माझ्या लेखांची दहशत."

तिनं डबी उलटीपालटी करून बघितली. ती माझे लेख वाचत नाही, त्यामुळे पुराव्याअभावी मी सुटलो.

रविवारी थंडी मरणाची होती. खिडक्या बंद, टीव्हीचा आवाज डॉन अतिलियोंच्या कानांना झेपेल एवढा, म्हणजे कपाटातल्या बशा थरथरतील इतका. आमच्याकडे मॅच नुसती बघत नाहीत, शकुन सांभाळून बघतात. डॉन अतिलियो वेताच्या खुर्चीवर, मांडीवर झेंडा. डावीकडे ग्रिसेल्दानं संत्री सोलत बसायचं; खायची नाहीत, नुसती सोलायची. आणि मागच्या मॅचचा गोल मी बाथरूममध्ये असताना झाला होता, म्हणून माझी जागा बाथरूममध्ये.

"जावईबुवा, जागेवर!"

मी जागेवर गेलो. दार उघडं ठेवलं की आरशात टीव्हीचा एक कोपरा दिसतो. पाठीमागे डक्टमध्ये उघडणारी खिडकी, तिची काच कधीचीच फुटलेली. तिथून साऱ्या इमारतीचं भांडण, खोकला आणि तळण खाली येतं.

पहिल्याच हाफमध्ये डक्टमधून आवाज कोसळला: "गोऽऽऽऽ!" तिसऱ्या मजल्यावरचा बसुआल्दो. विम्याचा एजंट, पण छाती ऑपेरा गायकाची. पाठोपाठ बाकीचे मजले.

जन्मभराची सवय. बातमी आली की मी थांबत नाही. "गोल!" मी ओरडलो. "आपला गोल!"

"कुठे गोल?" डॉन अतिलियो वैतागले. "बॉल आपल्याच गोलीकडे आहे. काय बोंबलता?"

आरशातल्या कोपऱ्यात खरंच आमचा गोली आरामात बॉलचे टप्पे पाडत उभा होता. तेवढ्यात त्यानं लांब किक मारली, कोणीतरी डोकं लावलं, कोणीतरी धावलं, आणि जाळं हललं.

टीव्ही गर्जला. डॉन अतिलियो गर्जले नाहीत. ते खुर्चीत वळले आणि बाथरूमकडे बघू लागले.

"तुम्हाला कसं कळलं?"

आता सांगायचं होतं. 'ती डबी इंटरनेटवरून मॅच आणते, आणि रस्त्यात अर्धं-पाऊण मिनिट रेंगाळते; केबलवाल्यांना गोल आधी दिसतो.' दोन वाक्यं. मी अख्खं पान रात्रीत भरून काढलेला माणूस आहे. मला ती दोन वाक्यं जमली नाहीत.

"आतून आलं," मी म्हणालो. (डक्टच्या दृष्टीनं हे शंभर टक्के खरं होतं.)

डॉन अतिलियोंनी झेंडा छातीशी धरला. "एल्विरा," ते म्हणाले. "तीसुद्धा बाथरूममधूनच ओरडायची माझ्यावर."

"बाबा..." ग्रिसेल्दा म्हणाली.

"तू सोल. थांबू नकोस."

हाफटाइमला त्यांनी मला दारातून बाहेर येऊ दिलं नाही. म्हणाले, जागा मोडायची नाही. मग जवळ आले, चौकटीला हात धरून उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबुवा, ती आली असेल तर एक विचारा. गुडघा कसा आहे म्हणावं आता."

मी बेसिनकडे बघत म्हणालो, "बरा आहे म्हणतात."

"देवाची कृपा," ते म्हणाले आणि डोळे पुसत खुर्चीवर जाऊन बसले.

मग ग्रिसेल्दा आली. संत्र्याची साल हातात तशीच. डक्टमधून कोणाच्या तरी टीव्हीवर दुसऱ्या हाफची शिट्टी वाजली. तिनं मान वळवून हॉलमध्ये बघितलं. आमच्या टीव्हीवर अजून टूथपेस्टची जाहिरात चालू होती. तिनं डक्टकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"केबल तोडलीस."

मी टॉवेलची घडी नीट केली.

"शब्द देऊन तोडलीस."

"बटण तिनं दाबलं..."

"आणि माझ्या मेलेल्या आईला कामाला लावलंस."

असं वाक्य माझ्याविरुद्ध बिशपलासुद्धा सुचलं नव्हतं. "आत्ता जाऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"खबरदार! माणूस किती दिवसांनी इतकं बोललाय. आता मेलास तरी सांगायचं नाही. बस तिथेच."

मी बसलो. (बाथरूममध्ये बसायला एकच जागा असते.)

दुसऱ्या हाफमध्ये डक्टमधून एकदम शिव्या आल्या. सगळ्या मजल्यांवरून, बायकांच्याही. गोदीवाल्यांनी बरोबरी केली होती, आणि आमच्या हॉलमध्ये अजून काही झालं नव्हतं. डॉन अतिलियो हसत होते. "काय म्हणते एल्विरा?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग झाला तो गोल.

"बघ," ते ग्रिसेल्दाला म्हणाले, "तिला माहीत होतं, पण बोलली नाही. वाईट बातमी ती कधीच पटकन सांगायची नाही."

मला त्या फ्लशच्या पाण्याबरोबर वाहून जावंसं वाटत होतं.

मॅच संपत आली. एक-एक. बरोबरी उपयोगाची नव्हती. आणि डक्टमधून बसुआल्दोचा आवाज आला: "पेनल्टी! आपल्याला पेनल्टी!" मग इमारत एकदम चिडीचूप. नळ ठिबकतोय तेवढं ऐकू यायला लागलं. आणि मग वरून आवाज कोसळला: "ओऽऽऽऽऽ!"

"गोल!" मी किंचाळलो. "गोल! आपण वर गेलो!"

इथे दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे गोल म्हणताना माणसं 'ल' यायच्या आधीच घसा संपवतात: गोऽऽऽ. आणि 'नाही'ला आमच्याकडे शब्द आहे 'नो'. तोही ताणला की नोऽऽऽ. मजले उतरून येता येता त्यांचं पहिलं अक्षर डक्टमध्ये कुठेतरी पाइपाला अडकतं, आणि खाली पोचतो तो नुसता ओऽऽऽ. नवीन पोरं कामाला लागली की मी टेबलावर मूठ आपटून सांगायचो: एका माणसाच्या तोंडावर बातमी छापायची नाही, दुसऱ्याला विचारा! मी ती छापली. एकट्या बसुआल्दोच्या अर्ध्या अक्षरावर.

डॉन अतिलियो उठले. त्यांना उठायला नेहमी काठी लागते, लागली नाही. त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं, त्या थंडीत झेंडा बाहेर फडकवला आणि साऱ्या रस्त्याला ओरडून सांगितलं, "वर गेलो! एल्विरा, वर गेलो!"

रस्ता गप्प होता. सगळ्या इमारती गप्प होत्या. वरच्या बाल्कनीतून बसुआल्दो म्हणाला, "डॉन अतिलियो, तुम्ही कुठली मॅच बघताय?"

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते आत येऊन बसले तेव्हा पडद्यावर आमचा खेळाडू बॉल चुन्याच्या ठिपक्यावर ठेवत होता. ते निवांत, कौतुकानं बघत होते, नातवाच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तसे. खेळाडू धावला. गोदीवाल्यांचा गोली बाजूला झुकला आणि त्यानं तो बॉल पोटाशी धरला. डॉन अतिलियो त्यानंतरही थोडा वेळ हसत होते. चेहऱ्याला कोणी कळवलं नव्हतं अजून.

ग्रिसेल्दानं सोललेलं संत्रं बशीत ठेवलं. मॅच तशीच संपली.

दार वाजलं. बसुआल्दो. डोळे लाल, गळ्यात हिरवा मफलर.

"ओरासियो, खरं सांग, तू केबल तोडलीस ना? पहिल्या गोललासुद्धा सगळी इमारत ओरडून गप्प झाली आणि मग तुमचा टीव्ही गर्जला. आम्हाला वाटलं, प्रतिध्वनी आहे."

टीव्ही बंद झाला होता, त्यामुळे डॉन अतिलियोंना ऐकू गेलं. आता काही राहिलं नव्हतं. मी बाथरूमच्या चौकटीत उभा राहून सगळं सांगितलं. शब्द, फोन, डबी, डक्ट.

"म्हणजे एल्विरा नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, डॉन अतिलियो. बसुआल्दो होता."

"काय होतो मी?" बसुआल्दोनं विचारलं.

"माझी बायको," डॉन अतिलियो म्हणाले.

बसुआल्दो जवळच्या खुर्चीत बसला.

डॉन अतिलियोंनी झेंड्याची घडी घालायला घेतली. एक घडी घातली, थांबले. "ही डबी किती उशिरा आणते म्हणालास?" (तुम्हीवरून मी तूवर आलो होतो. रास्तच होतं.)

"अर्धं-पाऊण मिनिट."

"म्हणजे हे सगळे वर रडत होते, तेव्हा मी पहिल्या डिव्हिजनमध्ये होतो."

"हो."

"एकटाच?"

"अख्ख्या शहरात," ग्रिसेल्दा म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली.

त्यांनी घडी पूर्ण केली, वरून हात फिरवला. "छान होतं," ते म्हणाले. "डबी राहू दे."

मला हायसं वाटलं. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"तू नको," ते म्हणाले. "मॅचच्या दिवशी तू घरात नको. पनवती आहेस तू."

मी बसुआल्दोकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्याकडे बघू नकोस, ओरासियो. लहान मुलं आहेत घरात."

"गोदीवाल्यांच्या मैदानात पाठवा त्याला," माझ्या बायकोनं सुचवलं. "त्यांच्यात बसून त्यांच्यासाठी ओरडू दे. पनवती त्यांना लागेल." हे एकमतानं मंजूर झालं. माझं मत कोणी विचारलं नाही.

नव्या मोसमात गोदीवालेही आमच्यासारखे खालच्याच डिव्हिजनमध्ये होते, आणि ट्रामवाल्यांची पहिलीच मॅच त्यांच्या मैदानावर होती. ग्रिसेल्दानं मला गोदीवाल्यांचा निळा शर्ट आणून दिला, एक माप लहान. मी त्यांच्या स्टँडात बसलो आणि घसा बसेपर्यंत, अगदी जीव तोडून गोदीवाल्यांच्या नावानं ओरडलो. गोदीवाले चार गोलनी जिंकले. शेजारच्या जाड्या माणसानं माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि माझी जागा वर्षभरासाठी धरून ठेवली. मी बाहेर येऊन घरी फोन लावला. डॉन अतिलियोंनी घेतला.

"साधी पनवती व्हायला पाठवलं होतं तुला," ते म्हणाले. "तेही जमलं नाही?"