मालकाची प्रत

"दाव्याच्या दोन्ही प्रतींना नुसती भोकं पाडा, दोरा ओवा आणि पाचच्या आत कोर्टाच्या खिडकीवर द्या. आज मुदतीचा शेवटचा, नव्वदावा दिवस आहे. उद्या तुमचा दावा म्हणजे रद्दी," वकीलबाईंनी बजावलं.

"बांधायचं माझ्यावर सोडा," म्हणत बाइंडर दोन्ही प्रती घरी घेऊन आला. एक कोर्टाची, एक मालकाची.

कामाला फार वेळ लावतो म्हणून बाइंडिंग कारखान्याच्या मालकाने त्याला सव्वीस वर्षांनी काढलं होतं. तेव्हापासून हातात सुई नव्हती. झोपेतही बोटं चादरीला टाके घालायची. दाव्यात वकीलबाईंनी बरंच काय काय मागितलं होतं. त्याला हवं होतं ते कारखान्यातलं खिडकीजवळचं टेबल.

दोरा हातात आला तसं त्याला राहवेना. टाके झाले, मग पाठीला कापड, मग पुठ्ठा, मग खळ. खळ लावली म्हणजे वजन आलंच. घरात वजनाचं काही सापडेना, तेव्हा त्याने बायकोलाच पुठ्ठ्यावर बसवलं.

"अहो, किती वेळ बसू?"

"खळ सुकेपर्यंत. हलू नकोस, कोपरा सरकेल."

"आणि कोर्ट थांबणार आहे का तुमच्या खळीसाठी?"

तीनला कोर्टाची प्रत तयार झाली. दुसरी नुसती दोऱ्यात ओवून निघाला असता तरी वेळेत पोचला असता. पण ती मालकाच्या हातात जायची होती. इतक्या दिवसांनी मालक त्याचं काम बघणार, आणि ते असं लोंबतं? बायको पुन्हा बसली.

खिडकी गाठली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

"उद्या या," कारकून म्हणाला. "उशिराचं कारण लिहून आणा."

बाइंडरने खरं तेच लिहिलं: खळ सुकायची होती.

सुनावणीला मालकाचे वकील त्याच्या दिरंगाईचे तेरा पुरावे घेऊन आले होते. त्यांनी ती ओळ वाचली आणि फाईल मिटली.

"आमचं म्हणणं अर्जदारानेच मांडलंय, साहेब."

न्यायाधीशांनी हसू आवरलं. "एक दिवस असो की एक वर्ष, कायद्याची मुदत वाढवणं माझ्या हातात नाही. दावा नामंजूर." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

बाहेर व्हरांड्यात मालक आपली प्रत उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता.

"हल्ली आपली पुस्तकं आठवड्यात उसवतात, मास्तर," तो हळूच म्हणाला.

बाइंडर एक पाऊल पुढे आला. "मग येऊ का सोमवारपासून?"

मालकाने पाठीच्या कापडावरून अंगठा फिरवला. "हिला किती वेळ लागला?"

"दोन तास."

मालकाने सुस्कारा सोडला, प्रत जपून काखेत धरली आणि जिना उतरू लागला. कठड्याशी उभ्या बाइंडरला त्या कागदांचा हेवा वाटला. ते तरी कारखान्यात परत चालले होते.