खोकायला लावणाऱ्या इनामदारबाई

नाव विचारण्याआधी इनामदारबाई बायकांना विचारायच्या, "शिंकलं की थेंब सुटतो का?" हळदीकुंकवात त्यांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्या हातातला तिळगूळ सांडला.

नवऱ्याची एअर फोर्समधली बदली झाली आणि आम्ही चंदीगडला भाड्याच्या घरात आलो. शेजारी या बाई एकट्या राहायच्या. सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी करायच्या. त्या यंत्रावर बाळ बघतात, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. बाई बायकांचं मूत्राशय बघायच्या. "लाज घरी ठेवा, पाणी पिऊन या," हे त्यांचं पालुपद. पेशंट आडवी झाली की अस्सल कोल्हापुरी आवाजात हुकूम सुटे, "खांसो जी! और जोरसे!" खोकताना मूत्राशयाचं तोंड किती खाली घसरतं, ते पडद्यावर दिसायचं.

दहशतवादाचे दिवस होते. जागोजागी नाकाबंदी. आमच्या घरमालकीण बीजी कित्येक वर्षं फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. "हालात खराब हैं, डरती हैं," त्यांचा मुलगा सांगायचा.

बाईंनी बीजींना एकदाच हसताना पाहिलं. हसू आलं तसे बीजींनी गुडघे घट्ट आवळून घेतले.

"ही कसली अतिरेक्यांची भीती!" बाई मला म्हणाल्या. "हे गळणं आहे. पाणी पाजा, मी रुग्णालयात नेते."

रिक्षातून आम्ही तिघी निघालो. नाक्यावर जवान सावकाश पिशव्या उघडू लागला. बाई कडाडल्या, "बेटा, माताजी की टेस्ट है, ब्लॅडर फुल है. जल्दी करो, नहीं तो तुम्हारे बूटपर टेस्ट हो जाएगी!" रिक्षा लगेच सुटली.

पडद्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "देखो बीजी, बदमाश ये है. आप नहीं."

मग रोज सकाळी अंगणात लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. "पकडो! छोडो!" काही महिन्यांनी गळणं जवळजवळ थांबलं. नातीच्या लग्नात बीजी गुरुद्वाऱ्यात शेवटपर्यंत बसल्या, बाईंचा हात धरून. बाई मात्र जेवायला न थांबताच निघाल्या.

परतताना मी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"माझ्या पदवीदानाला आई आली नाही," त्या म्हणाल्या. "डोकं दुखतंय म्हणाली. ती गेल्यावर मावशीनं खरं सांगितलं. एवढा वेळ खुर्चीवर बसायचं, साडी ओली झाली तर काय, या धास्तीनं आली नव्हती."

थोडं चालल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "मी स्टेजवरून सारखी दाराकडे बघत होते गं."