अप्पांचा डेलिया आणि दोन मिनिटांची शांतता

यंदा डेलियात पहिला नंबर आमचाच होता. एरवी मी अशी वाक्यं बोलत नाही. लातूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि हळू बोलणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. पण ते फूल तुम्ही पाहिलं असतं तर तुमचाही आवाज चढला असता. गर्द किरमिजी रंग, पाकळी न् पाकळी जागच्या जागी, आणि आकारानं जेवणाच्या ताटाएवढं! लातूरजवळ मुरुडला आमच्या गल्लीतली माणसं नवीन ट्रॅक्टर आल्यावर जशी उभी राहतात, तशी आमच्या कुंपणाशी उभी राहायची.

फूल अर्थात माझं नव्हतं, अप्पांचं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील रामकिशन, पोस्टातून निवृत्त झाल्यावर डेलियाच्या नादी लागले. जत्रेतल्या प्रदर्शनात दरवर्षी उतरायचे आणि दरवर्षी दुसरे यायचे. पहिले यायचे उमाशंकर गुरुजी. हे गल्लीच्या टोकाला राहणारे, अप्पांचे शाळेपासूनचे मित्र आणि जत्रेपुरते शत्रू. दुसऱ्या क्रमांकाला स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या घरात तूर, मूग, मसूर, सगळ्या डाळी अप्पांच्या दुसऱ्या क्रमांकात भरून ठेवलेल्या आहेत.

दिवाळीच्या थोडं आधी अप्पा गेले. रोपं तेव्हा गुडघ्याएवढी होती. मी लातूरहून रोज जाऊन-येऊन करू लागले. कॉलेजातली बागकामाची होती नव्हती ती पुस्तकं घरी आणली. दुःखात माणसं काय काय वाचतात. मी बाजूच्या कळ्या कधी खुडाव्यात ते वाचलं. एका फांदीला एकच कळी ठेवायची, म्हणजे झाडाची सगळी ताकद तिच्यात जाते. अप्पांना हे माहीत होतं, पण खुडायला त्यांचा हात धजत नसे. माझा धजला. मी आईला सांगून टाकलं की यंदा अप्पा पहिले येणार.

"ते गेले की गं," आई म्हणाली.

"तरी येणार."

जत्रेचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच जायचं आहे. महादेवाची जत्रा, आकाशपाळणे, जनावरांचा बाजार, आणि एका मोठ्या मंडपात फळं, फुलं, भाजीपाला यांचं प्रदर्शन. मंडपाचा सगळा कारभार शिवप्रसादकडे. व्यवस्था त्याची, माईकही त्याचाच. आणि माईक हातात नसला तरी तो तसाच बोलतो. त्यानं आम्हाला सांगितलं की मयत माणसाला स्पर्धक म्हणून घेता येत नाही. मागं एकदा घेतलं होतं, त्याला बक्षीस लागलं, आणि ते घ्यायला कोणी आलं नाही. म्हणून नाव आईचं लागलं, सिंधुबाई.

आईला ते पटेना. फूल त्यांचं आणि नाव माझं, हे चोरीसारखं वाटतं म्हणाली. अप्पांनाही जत्रा दिसावी म्हणून तिनं घरून त्यांचा फोटो आणलाच होता, तो तिच्या समाधानासाठी मी डेलियाच्या बाटलीशेजारी टेकवून ठेवला. चंदनाचा हार फोटोला होताच. कुणाचं फूल आहे ते परीक्षकांना कळेल, एवढाच माझा हिशेब.

आता झालं असं, की आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो होतो. त्यामुळे त्या दिवशी फोटोपुढची उदबत्ती राहिली होती. मी बाटलीत पाणी घालेपर्यंत आईनं पिशवीतून उदबत्ती काढली, फोटोपुढं लावली, आणि एका केळ्यात खोचून उभी केली. केळं आमचंच होतं, डब्याबरोबर आणलेलं. तिथवर सगळं ठीक होतं.

शेजारच्या टेबलावर नागुबाई होती. तिची शेवंती स्पर्धेला होती, पितळी ताटात गोल मांडलेली, अगदी सुबक. उदबत्तीचा वास आला तशी ती वळली, फोटो पाहिला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. "कवा गेले, बाई?" तिनं विचारलं. आईनं सांगितलं. फोटोपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं कसं, म्हणून नागुबाईनं आपल्याच ताटातलं एक फूल उचललं, फोटोला वाहिलं आणि हात जोडले.

हे मागून येणाऱ्या लोकांनी पाहिलं.

आपल्याकडे हार घातलेला फोटो, पुढं उदबत्ती आणि बाजूला ताटात फुलं, एवढं दिसलं की पुढं काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. माणसं चपला काढू लागली. रांग लागली. एकेक जण नागुबाईच्या ताटातलं फूल उचलायचा, वाहायचा, क्षणभर मान खाली घालायचा आणि पुढं सरकायचा. नागुबाईला कुणाला अडवता येईना. सुरुवात तिनंच केली होती.

मी पुढं झाले. एका फेटेवाल्या गृहस्थांना म्हटलं, "काका, ही वाहायची फुलं नाहीत. ही स्पर्धेची आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नाक अप्पांचं न् माझं सारखंच आहे. "लेक का?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "धीर धर, माय."

यानंतर माझं कुणी ऐकलं नाही. मी खरोखरच दुःखात होते. पण त्या वेळी बोलत होते ते स्पर्धेच्या नियमांबद्दल. ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. मी जितकी काकुळतीला यायची, तितकी माणसं मला खुर्ची द्यायची. एका बाईनं पाणी पाजलं. दुसरीनं मला छातीशी धरलं, तेव्हा मी तिच्या खांद्यावरून नागुबाईचं ताट रिकामं होताना बघत होते.

ताट संपल्यावर लोक पलीकडच्या गुलाबांकडे वळले. गुलाबांचा मालक चहाला गेला होता. मग झेंडू गेला. मग जरबेरा. मधेच कुणीतरी नैवेद्य म्हणून फळांच्या विभागातून दोन केळी आणून ठेवली. ती अर्धापूरहून आलेल्या घडाची होती, आणि तो घड पहिल्या नंबरासाठी आला होता.

"कोण गेलं?" मागं कुणीतरी विचारत होतं. उत्तरं पुढून मागं सरकत मोठी होत होती. पुढं अप्पा पोस्टातले होते. मधे ते जत्रा कमिटीचे जुने अध्यक्ष झाले. मंडपाच्या दाराशी पोचेपर्यंत हे प्रदर्शनच त्यांनी सुरू केलं होतं. शिवप्रसादला ही बातमी दाराशी मिळाली. आपल्याला हे माहीत नव्हतं असं दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं माईक घेतला आणि या प्रदर्शनाचे आधारस्तंभ, पुष्पमहर्षी रामकिशनजी यांना अभिवादन करण्यासाठी सर्वांनी शिस्तीनं यावं, अशी विनंती केली. अर्ध्या तासापूर्वी त्यानंच अप्पांना मयत म्हणून परत पाठवलं होतं.

आणि नेमके त्याच वेळी उद्घाटनाचे साहेब आले.

साहेबांचं नाव-गाव सोडून देऊ. त्या दिवशी त्यांच्या दौऱ्यात तीन सांत्वनभेटी होत्याच, त्यामुळे चेहरा तयार होता. बरोबरच्या माणसानं कानात काही सांगितलं. साहेबांनी चपला काढल्या, फोटोपुढं उभे राहिले आणि फुलासाठी हात बाजूला केला. तो हात कुठं जातो आहे ते मला दिसलं. मी धावले. "साहेब, तो नको, तो..." एवढंच म्हणता आलं. दोन बायांनी मला दोन्हीकडून धरलं होतं, मायेनं, पण चांगलंच घट्ट.

साहेबांनी अप्पांचा डेलिया बाटलीतून उचलला, दोन्ही हातांत धरला, कॅमेरे आहेत का पाहिलं, आणि अप्पांच्याच फोटोला वाहिला.

मग ते बोलले. रामकिशनरावांचे आणि आपले जुने, घरचे संबंध होते. शेतकऱ्याच्या प्रश्नावर ते रात्ररात्र चर्चा करत. अशी माणसं आता होणे नाही. आई शांतपणे ऐकत होती. नंतर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "हे ह्यांना कवा भेटले गं? रात्री तर घरीच असायचे."

शेवटी साहेबांनी दोन मिनिटं शांतता जाहीर केली. शिवप्रसादनं कामात हयगय केली नाही. त्यानं माणूस पाठवून आकाशपाळणासुद्धा थांबवला. सगळ्यात वरच्या पाळण्यात एक जोडपं अडकलं. जत्राभर चिडीचूप झालं आणि त्या शांततेत वरून त्या बाईचा आवाज स्पष्ट येत राहिला. ती नवऱ्याला सांगत होती की मी आधीच नको म्हटलं होतं, तुम्ही माझं कधी ऐकलं आहे का, लग्नातसुद्धा तुमच्या बहिणीनं... लोक माना खाली घालून दोन्ही मिनिटं ऐकत होते.

साहेबांमागं त्यांची माणसं होती, आणि प्रत्येकाला फूल वाहायचं होतं. त्यांनी उरलेला मंडप साफ केला.

गर्दी ओसरली तेव्हा मी टेबलाशी आले. अप्पांचा फोटो गळ्यापर्यंत फुलांत बुडाला होता. सगळ्या बाटल्या रिकाम्या. स्पर्धक भोवती उभे होते आणि त्यांना भयंकर राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. मयताच्या फोटोशी भांडण करणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

एकच फूल उभं होतं. उमाशंकर गुरुजींचा पिवळा डेलिया. गुरुजी सुरुवातीपासून बाटलीला दोन्ही हातांचा वेढा घालून बसले होते, साहेब आले तेव्हाही उठले नव्हते. आता परीक्षक आले की विषय संपला. एकच फूल, एकच नंबर. मला खुर्चीची गरज आता खरोखर होती, पण खुर्च्या लोक घेऊन गेले होते.

गुरुजी उठले. ढिगाशी आले, अप्पांचा डेलिया अलगद वर काढला आणि आपली बाटली दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही फुलं शेजारी शेजारी धरली. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मीही बघत होते.

"तुमच्या अप्पाचं मोठं हाय," ते म्हणाले. "बोटभर."

"गुरुजी, हे परीक्षकांपुढं सांगाल?"

"न्हाई."

मग अप्पांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "काय रामकिशन, यंदाच मोठं करायचं होतं व्हय?" त्यांनी अप्पांचं फूल होतं तिथं नीट ठेवलं, आपलं बाटलीतून काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. मी विचारलं, असं कामून केलं. ते चष्मा पुसत होते. "त्याच्याबगर पहिला येऊन काय करू," एवढं म्हणाले आणि टोपी घालून जिलेबीच्या दुकानाकडे गेले.

त्यानंतर परीक्षक आले. दोघं होते, जेवून आले होते, आणि बक्षिसं आधीच टेबलावर मांडलेली असल्यामुळे ती देणं भाग होतं. रिकाम्या बाटल्यांपुढून ते गंभीरपणे फिरले. एकानं एका बाटलीतल्या पाण्याचा वाससुद्धा घेतला. मग ते अप्पांच्या फोटोपुढं थांबले. खालून केळी, मधे शेवंतीचे थर, कडेनं झेंडू, आणि माथ्यावर एक किरमिजी न् एक पिवळा डेलिया. त्यांनी आपापसांत रंगसंगतीबद्दल चर्चा केली. शिवप्रसादनं माईकवरून जाहीर केलं की पुष्परचना विभागात प्रथम क्रमांक, श्रीमती सिंधुबाई रामकिशन.

आईनं माझा हात दाबला. मी सांगते, त्या क्षणी मला ना नियम आठवले, ना नागुबाईचं ताट. विभाग कुठला का असेना. अप्पा पहिले आले होते.

हे फार तर पाच मिनिटं टिकलं. पुष्परचनेत महिला मंडळाच्या बायकांनी फुलांचा मोर करून आणला होता. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे तो तेवढा वाचला होता. त्यांनी हरकत घेतली. रचनेत फक्त झाडाची वस्तू चालते. फोटोला काच आहे, चौकट आहे. मी म्हणाले, चौकट लाकडाची आहे, लाकूड झाडाचंच असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं भांडले. परीक्षकांनी मला सहानुभूतीनं ऐकून घेतलं, एकानं पाणी मागवलं, आणि मोराला पहिला नंबर दिला.

आम्ही दुसरे.

संध्याकाळच्या गाडीत आई खिडकीशी बसली, अप्पांचा फोटो मांडीवर घेऊन. तिच्या पदराला अजून 'स्पर्धक' असा बिल्ला होता. समोरच्या म्हाताऱ्यानं तो वाचला आणि विचारलं, नंबर आला का.

"आला की, दुसरा," आई म्हणाली. "आमच्यात दुसराच येतो."

ते तिनं इतक्या सहज सांगितलं, जसं आमच्यात सकाळी भाकरीच असते असं सांगावं. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, पण हसू काही आवरेना. दिवाळीपासून मी हसले नव्हते, त्यामुळे ते कुठं थांबवायचं ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. पदर तोंडात धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खांदे गदगदा हलू लागले.

मागच्या सीटवरच्या बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढं केली.

"धीर धरा, ताई."

काय समजावणार! मी पाणी प्यायले.