फखरुद्दीनचाचांचं सहावं मिनिट

‘काल्हेरपासून वडपेपर्यंत माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही. गुन्हेगार माझं नाव ऐकूनच घाम पुसतात.’ हे माझ्या जीवनमामाच्या कार्डावर छापलेलं आहे. गुन्हेगारांचं माहीत नाही, पण ही कार्डं आणायला गेलेला मामा आपली स्कूटर छापखान्याबाहेरच विसरून आला आणि पुढचे दोन दिवस तिच्या चोरीचा तपास करत होता. मी करिष्मा, त्याची भाची आणि एकमेव सहायक. पगार नाही, सल्ले भरपूर.

नारपोलीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात यंत्रमागांचं संग्रहालय उघडायचं होतं. तिथल्या एका भिंतीवर फखरुद्दीनचाचांचा जीवनपट होता. चाचा जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची नात जोया हिने नऊ मिनिटांची हलती चित्रं काढली होती, आणि शेवटच्या मिनिटात चाचांचा स्वतःचा आवाज होता. तो ऐकायला त्यांच्या पत्नी जमिलाचाची रोज येत होत्या आणि रोज सहाव्या मिनिटाला भिंत काळी होत होती. दोन इलेक्ट्रिशियन येऊन वायरिंग ठणठणीत असल्याचं सांगून गेले. समितीने बजावलं, आज चाललं तर ठीक, नाहीतर उद्घाटनाला नुसता फोटो आणि खाली माहितीची पाटी.

“पाटी मला वाचता येत नाही,” चाची म्हणाल्या. “चित्रात ते चालतात तरी.”

म्हणून कुणीतरी मामाला बोलावलं. संकटं एकटी येत नाहीत म्हणतात ते खोटं नाही.

मामाचा पहिला निष्कर्ष, उंदीर. पुरावा म्हणून त्याने कुरतडलेल्या खारीचा तुकडा भिंगाखाली धरला. ती खारी सकाळी त्यानेच खाल्ली होती. दुसरा निष्कर्ष, सूड. चित्रात चाचांना खडसावणारा एक जाडा मालक होता, त्याचे वारस चिडले असणार. जोयाने सांगितलं की तो मालक तिने मनानेच रंगवलाय, त्याला नावसुद्धा नाही. “म्हणजे वारस फरार आहेत,” असं म्हणत मामाने ते वहीत लिहून घेतलं. तिसरा संशयित खुद्द चाचा. नाक मोठं काढलंय, म्हणून आत्मा नाराज आहे. यावर चाचींनी शांतपणे सांगितलं की नाक कमीच काढलंय.

बंदोबस्त मात्र कडक होता. दाराबाहेर, मेन स्विचखाली वॉचमन काळूराम खुर्ची टाकून पेंगायचा. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस, तीही चाचा जॉबर होते त्याच कारखान्यात. खटक्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, इथून हलू नकोस, असं मामाने त्याला बजावलं आणि तो खरंच हलला नाही. अंधार झाला की तोच खटका वर करायचा. “पडला व्हता सायेब, उचलला.” मामाने दोनदा त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी शेवटचा प्रयत्न. सहाव्या मिनिटाला चित्रातल्या लूमचा आडवा धागा नेणारा धोटा अडकला, खडखडाट झाला आणि अंधार. “कुणीही जागचं हलू नका,” म्हणत मामा खांबावर आपटला.

अंधारातच चाचींनी जोयाला विचारलं, हा आवाज खऱ्या लूमचा घेतलास का? जोया हो म्हणाली.

“मग काळूरामला आत बोलव. धोटा अडकला की लूमवाला आधी खटका पाडतो. झोपेतसुद्धा.”

काळूराम खटका वर करून, मान खाली घालून आत आला. “हात कवा गेला, मला कळलंच न्हाय, भाभी.”

मामाने ताबडतोब तो आवाज कापून टाकायचा हुकूम सोडला, जो कुणी मानला नाही. चाचींनी काळूरामला पुढच्या खुर्चीवर बसायला लावलं. चित्र पुन्हा सुरू झालं. खडखडाट झाला आणि काळूरामचा हात आपोआप वर गेला.

“राहू दे, काळूराम,” चाची म्हणाल्या. “जॉबर येतायत.”

भिंतीच्या कोपऱ्यातून हातात पाना घेऊन फखरुद्दीनचाचा आले. “माझा पहिल्यापासून काळूरामवरच संशय होता,” असं मामा सांगत होता, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. चित्रातले चाचा म्हातारे झाले, केस पांढरे झाले, आणि नवव्या मिनिटाला त्यांचा तो खरखरीत आवाज आला. “हो गया. चालू कर.”

काळूराम उठून उभा राहिला. “हां, उस्ताद,” तो म्हणाला.

चाची रडत होत्या आणि हसतही होत्या. मामाने कधी नव्हे ते वही मिटली.