अर्ध्या वचनाचा आठवडा

सुतार जेवायला बसला आणि बायकोने सवयीप्रमाणे सुरुवात केली, "अहो, बाहीला सरस लागलाय. हात तरी धुतलेत का?"

"झालं सुरू! सकाळी चर्चमध्ये काय ऐकलंस? कोणाचे दोष काढू नका, म्हणजे तुमचेही कोणी काढणार नाही."

वचन तेच होतं खरं. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला, पोरं रडायला लागली, म्हणून त्यांनी उरलेला अर्धा पुढच्या रविवारावर ढकलला होता. सुतारीण गोंधळली. लग्नापासून ती नवऱ्याचे दोष काढत आली होती. त्यालाच संसार म्हणतात अशी तिची समजूत. पण देवाच्या शब्दापुढे कोण बोलणार? तिने रागारागाने तोंडाला कुलूप घातलं.

नेमकं त्याच आठवड्यात चर्चचं काम आलेलं. पाळकसाहेबांनी मागे उभं राहून बोलायचं मेज. ते पसंत पडलं तर सगळी बाकं त्यालाच मिळणार होती. नाहीतर दुकानाला टाळं, आणि थोरल्या भावाच्या हाताखाली रंधा मारणं.

गुरुवारी मेज उभं राहिलं आणि सुतारिणीने शेजारी उभं राहून त्याची उंची जोखली. पाळकसाहेब जेमतेम तिच्या खांद्याला लागायचे. नवऱ्याने त्यांना आजवर बाकावर बसून, मान वर करूनच पाहिलेलं. त्याला ते ताडमाड वाटायचे.

"कसं झालंय?"

"लाकूड छान आहे."

"आणि?"

"पॉलिशही छान आहे."

डोकं खाजवत सुताराने पॉलिशचा आणखी एक हात मारला.

रविवारी पाळकसाहेब मेजामागे गेले ते गेलेच. वर नुसतं कपाळ उरलं. मंडळी मेजाकडे बघत भक्तिभावाने बसून राहिली. शेवटी पाळकसाहेब बाजूने डोकावले.

"अहो, मी दिसतोय का कोणाला?"

"नाही हो," पेटी वाजवणारी मावशी म्हणाली. "पण बोलणार कसं? तुम्हीच म्हणालात ना, दोष काढू नका!"

"अहो, ते अर्धंच झालंय! पुढे म्हटलंय, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! त्याला तसाच डोळा चोळत बसू द्यायचं नाही. फक्त न्यायाधीश होऊन नको, भाऊ होऊन काढा."

सुतारीण ताडकन उठली आणि नवऱ्याकडे वळली. "मग आधी माझं मुसळ. मला गुरुवारीच दिसलं होतं, पण तुमच्यावर रागावून मी गप्प बसले. आता ऐका. मेज वीतभर उंच झालंय."

"वीतभरच?" सुतार ओरडला. "मला तर उभं केल्यापासून हातभर वाटत होतं! पण तू काही बोलेनास. म्हटलं, हिला दोष सापडत नाही, म्हणजे मलाच दिसायचं कमी झालंय. तीन रात्री झोप नाही मला!"

पाळकसाहेबांनी मेजावरून हात फिरवला. "काम पक्कं आहे. वीतभर कापा आणि बाकं करायला घ्या. पण प्रत्येक बाक आधी बाईंना दाखवा. त्या गप्प राहिल्या, तर ते बाक मी घेणार नाही."

"आणि कापताना चष्मा लावा," सुतारीण म्हणाली. "नाहीतर एक पाय आखूड कराल."

सुताराच्या जिवात जीव आला.