वझे आणि आमच्या परसातला खड्डा

मधू वझे कुणाच्याही घरी गेला की आधी परसात जायचा. तिथे अर्थिंगचा खड्डा शोधायचा, म्हणजे घरातली चुकार वीज जमिनीत सोडणारा खड्डा. माती सुकलेली दिसली की बादलीभर पाणी ओतायचा, मगच चहा. "आधी जमीन काय म्हणते ते बघू," हे त्याचं पालुपद. मुलगी बघायला गेला, तेव्हा पोहे पुढ्यात असताना त्याने तिच्या वडिलांना विचारलं, "अहो, अर्थिंग शेवटचं कधी तपासलंत?"

"आपण जावई म्हणून आलात की वायरमन म्हणून?"

स्थळ मोडलं. वझेला वाईट वाटलं ते खड्डा बघायचा राहिला याचं.

आम्ही बरोबर एम.ई. करत होतो. माती सुकत गेली की अर्थिंग कसं निकामी होत जातं, हा त्याच्या थीसिसचा विषय. त्यासाठी एक खड्डा अख्खा उन्हाळा कोरडा ठेवायचा होता. कर्वेनगरातल्या आमच्या घराचा खड्डा मीच देऊ केला. वझे रोज मीटर घेऊन यायचा.

ऐन मे महिन्यात एका सकाळी बघतो, तर हा त्याच खड्ड्यात बादली ओततोय.

"वझे, अरे तुझा थीसिस!"

"काकू सोवळ्यात पंप लावतात. अनवाणी, ओल्या फरशीवर."

"मग?"

"पंप बिघडला तर करंट जमिनीत जायला हवा. ही जमीन आता घेईना. काकूंमधून जाईल."

"आईला सांगू, चपला घाल म्हणून."

"सोवळ्यात? तू सांग. मी दुसरी बादली आणतो."

कॉलेजात त्याच्या गाईड सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नेमकं त्याच खड्ड्यात पाणी? कारण?"

"राहवलं नाही, सर."

सगळे हसले. बोलायची पाळी माझी होती, मीही हसलो. आणखी एक उन्हाळा थांबण्यासारखी त्याच्या घरची परिस्थिती नव्हती. त्याने एम.ई. सोडलं, नोकरी धरली. मी पदवी घेतली, प्राध्यापक झालो आणि निवृत्तीपर्यंत वेंधळ्या वझेचा हा किस्सा वर्गात रंगवून सांगत राहिलो, आईचा भाग गाळून. माझे विद्यार्थी हे वाचत असतील, तर गाळलेला भाग तो हा.

नोकरी लागल्यावरही वझे उन्हाळ्यातल्या रविवारी यायचा, सरळ परसात जायचा. आई खिडकीतून बघत मला विचारायची, "काय पेरलंय रे मधूने तिथे? एवढं पाणी घालतो बिचारा, आणि उगवत कसं नाही काही?"